पुरवणी कुठे जोडायची? : वाचकांचे प्रश्न

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांच्या मूळ नियमपुस्तकांना जोडून नवे क्लास (योद्धा, जादूगार असे पात्रांचे पेशे), नवे मंत्र, नवे राक्षस, नवे प्रदेश घेऊन जी पुस्तकं येतात, त्यांना इथे आपण पुरवणी म्हणू. या वेळी सगळे प्रश्न त्यांच्याबद्दलचेच घेतले आहेत. डंजन्स अँड ड्रॅगन्सला पुढे डीअँडडी म्हटलं आहे आणि खेळ चालवणाऱ्याला डीएम.

प्रश्न : आमच्याकडे डीअँडडीची २०१४ च्या आवृत्तीची तिन्ही मूळ पुस्तकं आहेत. चार खेळाडू आणि मी डीएम. आठ सेशन झाली. आता एकच पुरवणी घ्यायची आहे, कोणती घेऊ?

उत्तर : आधी तुमच्या वहीत मागच्या तीन सेशनच्या नोंदी बघा आणि खेळ कुठे अडला ते लिहून काढा. खेळाडूंना मनासारखं कॅरॅक्टर बनवता आलं नाही, की तुम्हाला राक्षस, सापळे, मधल्या दिवसांचे नियम कमी पडले, की गावाच्या वेशीपलीकडे काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं? तिन्हींसाठी वेगवेगळी पुस्तकं असतात. अडचण एका जातीची आणि पुस्तक दुसऱ्या जातीचं, असं झालं की ते पुस्तक कपाटातच राहतं.

आठ सेशननंतर कॅरॅक्टर तिसऱ्या-चौथ्या लेव्हलच्या आसपास असतील. मूळ पुस्तकातले सबक्लाससुद्धा (क्लासच्या पोटशाखा) अजून नीट वापरून झालेले नसतात, त्यामुळे खेळाडूंना नवे पर्याय देण्याची घाई करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिली पुरवणी डीएमच्या उपयोगाची असावी. २०१७ चं ‘झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग’ त्या दृष्टीनं भरवशाचं आहे. दोन साहसांमधल्या रिकाम्या दिवसांत काय काय करता येतं याचे नियम त्यात आहेत, साधे आणि गुंतागुंतीचे सापळे आहेत, भूप्रदेशांनुसार अचानक भेटींची टेबलं आहेत आणि शेवटी नावांच्या लांबलचक याद्या आहेत. त्या याद्या पानं भरण्यासाठी दिल्यात असं वाटतं, पण खेळाडू पहारेकऱ्याला नाव विचारतो तेव्हा त्याच सगळ्यात आधी उघडल्या जातात. २०२० चं ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ खेळाडूंकडे जास्त झुकतं. त्यातले साइडकिकचे, म्हणजे सोबत फिरणाऱ्या मदतनीस पात्रांचे, नियम दोन-तीन खेळाडूंच्या गटाला फार उपयोगी पडतात. तुम्ही चौघं आहात, तेव्हा ते थांबू शकतं.

कुठलंही पुस्तक घेण्याआधी मधलंच एखादं पान उघडून बघा. राक्षसाचे आकडे एकाच पानावर मावलेत का? टेबल पान उलटून पुढे जातं का? मागे सूची आहे का? सेशन चालू असताना तुम्हाला एखादी गोष्ट अर्ध्या मिनिटात सापडायला हवी. चित्रं कितीही सुंदर असली तरी सूची नसलेलं पुस्तक टेबलावर त्रास देतं.

प्रश्न : आमच्यात ड्रुइड हा क्लास खेळणारा मित्र ‘झॅनाथर’मधला हीलिंग स्पिरिट हा मंत्र वापरतो. लढाई संपली की सगळे रांगेनं त्या आत्म्यातून जातात आणि पूर्ण बरे होतात. मंत्र खरंच असा आहे का? आणि खेळाडूनं आणलेल्या पुरवणीला हो म्हणायचं की नाही, हे ठरवायचं कसं?

उत्तर : तुमच्या मित्राकडे जुनी छपाई आहे. त्याचं वाचन चुकलेलं नाही, छापलेला नियमच तसा होता.

हिशेब मांडून बघा. मंत्र दुसऱ्या लेव्हलचा, एक मिनिट टिकणारा, म्हणजे दहा फेऱ्या. मूळ मजकुराप्रमाणे त्या जागेत शिरणाऱ्या प्रत्येकाला १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) इतके हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजायचे गुण, परत मिळतात, आणि किती वेळा यावर मर्यादाच नव्हती. दहा फेऱ्यांत प्रत्येकाला १०डी६, सरासरी ३५. चौघांचे मिळून १४०. त्याच दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमधून (मंत्र टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) २०१४ च्या नियमांनी क्युअर वूंड्स हा बरं करणारा साधा मंत्र टाकला आणि मंत्र टाकणाऱ्याचा मॉडिफायर (गुणावरून मिळणारा अधिकचा आकडा) +३ असला, तर २डी८+३ म्हणजे सरासरी १२. एका स्लॉटची किंमत कुठे १२ आणि कुठे १४०! पुढे प्रकाशकांनी शुद्धिपत्र, म्हणजे एराटा काढला. आता तो आत्मा एकूण १ अधिक मॉडिफायर इतक्याच वेळा बरं करतो, कमीत कमी दोनदा. +३ असेल तर चार वेळा, सरासरी १४. आता तो क्युअर वूंड्सच्या शेजारी शोभतो.

चूक कुठे झाली तेही बघा, कारण ती पुन्हा पुन्हा भेटते. लढाईत एकेक फेरी मोलाची असते, म्हणून ‘दर फेरीला थोडंसं’ हे स्वस्त वाटतं. लढाईबाहेर वेळ फुकट असतो. तेव्हा ज्या क्षमतेवर ‘दिवसातून इतक्या वेळा’ असा लगाम नाही, ती लढाई संपल्यावर कशी वापरता येईल, हे सगळ्यात आधी तपासा.

दुसरी तपासणी : हीच गोष्ट मूळ पुस्तकात कितव्या लेव्हलला मिळते? २०१५ च्या एका पुरवणीत आराकोक्रा ही पक्ष्यांसारखी जमात खेळाडूंसाठी आली. उडण्याचा वेग ५० फूट, तोही पहिल्या लेव्हलपासून. मूळ पुस्तकात उडण्याचा मंत्र तिसऱ्या लेव्हलचा आहे, जादूगाराला तो पाचव्या लेव्हलला मिळतो. मधल्या चार लेव्हलमध्ये वाटेत येणारी दरी, पडका पूल, भिंतीवरचा सापळा सगळं एका खेळाडूपुरतं निकामी होतं. २०२२ मध्ये ती जमात पुन्हा छापली तेव्हा उडण्याचा वेग चालण्याइतका केला, पण पहिल्या लेव्हलची अडचण तशीच राहिली. अशी जमात घेऊ द्यायची असेल तर पाचव्या लेव्हलपर्यंत ‘उडी मारून तरंगत खाली येता येतं, वर जाता येत नाही’ असा तोडगा आधीच ठरवा. मधेच ठरवलात तर खेळाडूला ते शिक्षेसारखं वाटतं, आणि त्याचं वाटणं रास्त असतं.

तिसरी तपासणी : छोट्या स्लॉटमधून मोठ्या स्लॉटला बळ मिळतं का? २०२१ च्या ‘स्ट्रिक्सहेवन’मधला सिल्व्हरी बार्ब्स पहिल्या लेव्हलचा मंत्र आहे, रिॲक्शननं, म्हणजे दुसऱ्याच्या कृतीला लगेच प्रतिसाद म्हणून, टाकायचा. समोरच्याचं यशस्वी दान पुन्हा टाकायला लावतो. शत्रू आठव्या लेव्हलच्या मंत्राविरुद्ध सेव्ह (बचावाचं दान) करून सुटला, तर पहिल्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये तुम्हाला आठव्याची दुसरी संधी मिळते. शिवाय एका सोबत्याला पुढच्या दानावर ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेणं) मिळतो, तो वेगळाच. आमचा सल्ला : हा मंत्र सेव्हवर चालत नाही, फक्त हल्ल्यावर आणि कौशल्याच्या दानावर चालतो, असं धरा.

ॲडव्हेंचरर्स लीग या संघटित खेळात बरीच वर्षं एक सोपा नियम होता : प्लेअर्स हँडबुक (खेळाडूंचं मूळ पुस्तक) आणि आणखी एकच पुस्तक. घरच्या खेळालाही तो उत्तम लागू पडतो. एक पुरवणी मूळ पुस्तकाशी ताडून बघून लिहिलेली असते, पण दोन वेगळ्या वर्षांतल्या दोन पुरवण्या एकमेकींशी कुणी ताडून बघितल्या असतील याची खात्री नाही. ज्या जोडगोळ्यांनी खेळ मोडतो, त्या बहुतेक या फटीत सापडतात. परवानगी द्याल तेव्हा ‘तीन सेशन वापरून बघू, मग दोघं मिळून ठरवू’ असं बोलून द्या आणि वहीत तारीख टाका.

प्रश्न : माझी छपाई जुनी की नवी हे कसं कळेल?

उत्तर : सुरुवातीच्या किंवा शेवटच्या पानांवर जिथे हक्कांचा मजकूर असतो, तिथे छपाईचा क्रमांक किंवा महिना-वर्ष दिलेलं असतं. प्रकाशकांच्या संकेतस्थळावरून त्या पुस्तकाचा एराटा उतरवून घ्या. बदललेल्या प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीनं छोटी खूण करा आणि एराटाचा कागद मागच्या मलपृष्ठाच्या आत चिकटवा. चिकटचिठ्ठ्या लावू नका, वर्षभरात त्या गळून पडतात आणि कुठली कुठे होती ते आठवत नाही.

प्रश्न : १९८० च्या दशकातलं एक जुनं साहस मिळालं आहे. ते डीअँडडीच्या पाचव्या, म्हणजे २०१४ च्या, आवृत्तीत चालवायचं आहे. आकडे कसे बदलायचे?

उत्तर : शक्यतो बदलू नका. नाव घ्या, नकाशा घ्या, डाव घ्या, आणि राक्षसाचे आकडे तुमच्या आवृत्तीच्या पुस्तकातून घ्या.

कारण उदाहरणातच दिसेल. १९८१ च्या बेसिक संचातला (डीअँडडीची तेव्हाची सोपी आवृत्ती) ओगर हा धिप्पाड राक्षस बघा : आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) ५, हिट डाइस (हिट पॉइंट ठरवायचे फासे) ४+१, मार १ ते १०. त्या काळी आर्मर क्लास जितका कमी तितका चांगला. बेसिकमध्ये चिलखत नसलेल्या माणसाचा ९ असायचा, म्हणून नव्या पद्धतीत आणताना १९ मधून वजा करायचा. ओगरचा झाला १४. (साहस ॲडव्हान्स्ड डीअँडडीचं असेल तर २० मधून वजा करा, तिथे सुरुवात १० पासून होते.) हिट पॉइंट सरासरी १९. मार सरासरी साडेपाच. आता २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला ओगर : आर्मर क्लास ११, हिट पॉइंट ५९, मार २डी८+४ म्हणजे सरासरी १३. गणितानं बदललेला ओगर टोचायला अवघड, पण तीन वारांत आडवा होणारा आणि निम्म्याहून कमी मारणारा निघतो. लॉंगसोर्ड आणि +३ ताकदीचा तिसऱ्या लेव्हलचा फायटर वाराला सरासरी साडेसात मारतो. नव्या ओगरला पाडायला त्याला आठ वार लागतात. दोन्ही आवृत्त्यांमध्ये आकड्यांची मोजपट्टीच वेगळी आहे, म्हणून एकेक आकडा उचलून नेला की प्राणी बिघडतो.

बदलायची असते ती संख्या. जुन्या साहसात खोलीत सहा ओगर असले तरी त्याचा अर्थ ‘यांच्याशी लढा’ असा नसायचा, बऱ्याचदा ‘यांना चुकवा, फसवा, नाहीतर बोलणी करा’ असा असायचा. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांसाठी २०१४ चा हिशेब असा : अवघड लढाई ९०० एक्सपी (अनुभवाचे गुण), जीवघेणी १६००. एक ओगर ४५० चा. दोन ओगर म्हणजे ९००, दोघांसाठी दीडपट धरायचे, झाले १३५०, म्हणजे अवघड. तीन ओगर १३५०, तीन ते सहा शत्रूंसाठी दुप्पट, झाले २७००, म्हणजे जीवघेण्याच्या कितीतरी पुढे. २०२४ च्या नियमांत ही पटच काढून टाकली आहे. तिथे मधल्या लढाईला चौघांचे ९०० आणि वरच्या लढाईला १६०० बसतात, म्हणून तेच तीन ओगर १३५० मध्ये नियमात बसतात. कुठल्या पुस्तकानं मोजताय ते आधी ठरवा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

जुन्या साहसाचा डीएम खेळाडूंना आधीच सांगतो : इथे प्रत्येक खोली तुमच्या मापाची नाही. हे एक वाक्य बोललं नाही तर पाचव्या आवृत्तीत वाढलेले खेळाडू सहा ओगरांवर सरळ धावून जातात, कारण त्यांच्या अनुभवात समोर आलेली लढाई जिंकण्यासारखीच असते.

खजिन्याकडे विशेष लक्ष द्या. बेसिकमध्ये बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळायचा, आणि फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० लागायचे. म्हणून त्या साहसांमध्ये हजारोंनी नाणी पडलेली दिसतात, ती तेव्हाची प्रगतीची फूटपट्टी होती. पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीला मिळते आणि ते प्रामुख्यानं लढाईतून येतात. नाणी एक-पंचमांश करा आणि कुठे खर्च होतील ते ठरवून ठेवा. बेसिकमध्ये प्लेट चिलखत ६० सोन्याच्या नाण्यांना होतं, पाचव्या आवृत्तीत १५०० ला आहे. बाकीच्या वस्तूंचे भावही ताडून बघा.

जादूच्या वस्तूंमध्ये +१ तलवार राहू द्या, पण +१ चिलखताला हात आखडता घ्या. जुन्या साहसांत ते सहज पडलेलं असतं, पाचव्या आवृत्तीत +१ तलवार ‘अनकॉमन’ आहे आणि +१ चिलखत मात्र ‘रेअर’. इथे आर्मर क्लासचे आकडे मुद्दाम आटोक्यात ठेवलेले आहेत, एक-दोन अंकांनीही ओगरचे बरेच वार फुकट जातात.

सेव्हचं सोपं आहे. विष असेल तर कॉन्स्टिट्यूशन, ड्रॅगनचा श्वास असेल तर डेक्स्टेरिटी, मनावरचा मंत्र असेल तर विस्डम. जिथे जुना मजकूर ‘सेव्ह करा, नाहीतर मरा’ म्हणतो तिथे मरणाऐवजी हिट पॉइंट शून्यावर आणा. भीती तेवढीच राहते, आणि सोबत्यांना वाचवायची संधी मिळते.

प्रश्न : २०२४ चं नवं प्लेअर्स हँडबुक घेतलं. जुन्या पुरवण्या आता वापरता येतील का?

उत्तर : येतात, थोडी डागडुजी करून. जुन्या जमातीसोबत आलेले गुणांचे बोनस सोडून द्या. नव्या नियमांत ते पार्श्वभूमीकडून मिळतात. जुनी पार्श्वभूमी घेतली तर एका गुणाला +२ आणि दुसऱ्याला +१, किंवा तीन गुणांना +१ द्या, आणि तिच्यात फीट (कॅरॅक्टरची खास क्षमता) नसेल तर एक ओरिजिन फीट निवडू द्या.

नवे सगळे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सुरू होतात. जुन्या क्लेरिकच्या डोमेनला (त्याच्या सबक्लासला) पहिल्या आणि दुसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या गोष्टी तिसऱ्या लेव्हलला एकत्र द्या. खरी चूक आठव्या लेव्हलला होते. जुन्या डोमेनमध्ये तिथे डिव्हाइन स्ट्राइक किंवा पोटंट स्पेलकास्टिंग ही मार वाढवणारी क्षमता मिळायची, आणि नव्या क्लेरिकला तेच सातव्या लेव्हलला क्लासकडूनच मिळतं. दोन्ही घेतले तर हा जादा मार दुप्पट होतो. नवं पुस्तक याबद्दल स्पष्ट आहे, एकच घ्यायचं. आणि जो मंत्र किंवा सबक्लास नव्या पुस्तकात पुन्हा छापला आहे, त्याची नवीच प्रत धरा.

प्रश्न : पाथफाइंडर या वेगळ्या रोलप्लेइंग खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत २०२३ ला रीमास्टर, म्हणजे मूळ नियमांची सुधारून काढलेली पुस्तकं, आलं. २०१९ ते २०२३ मधल्या पुरवण्या टाकून द्यायच्या का?

उत्तर : मुळीच नाही. नियमांचा सांगाडा तोच आहे, बदललेत ते बहुतेक शब्द. फ्लॅट-फूटेडचं ऑफ-गार्ड झालं, अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटीचं रिॲक्टिव्ह स्ट्राइक झालं, मॅजिक मिसाइलचं फोर्स बराज झालं. अलाइनमेंट (कॅरॅक्टर सज्जन की दुष्ट याची खूण) आणि मंत्रांच्या शाळा काढून टाकल्या. जुन्या पुस्तकातली जी क्षमता अलाइनमेंटवर उभी आहे तेवढीच नव्यानं बघावी लागते. शंका आली तर ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर सगळे नियम अधिकृतपणे फुकट वाचता येतात, तिथे जुनी आणि नवी दोन्ही प्रत बघता येते.

या खेळात कॉमन, अनकॉमन, रेअर, युनिक अशी प्रत्येक गोष्टीवर खूण असते, आणि पुरवणीला परवानगी द्यायचा प्रश्न त्यामुळे बराच सुटतो : कॉमन ते खेळाडूचं, बाकी सगळं डीएमला विचारून. दुसरा कुठलाही खेळ खेळणाऱ्यांनी हे उचलावं.

प्रश्न : एका पुरवणीतल्या अचानक भेटींच्या टेबलवर २ ते १२ आकडे आहेत. मी एकच डी१२ टाकतो. सेशनमागून सेशन ड्रॅगनच येतो. टेबल चुकीचं आहे का?

उत्तर : टेबल बरोबर आहे, फासा चुकलाय. यादी २ पासून सुरू होते यावरूनच कळतं की दोन डी६ टाकून बेरीज घ्यायची आहे. दोन फाशांच्या ३६ शक्यता. ७ सहा वेळा येतो, ६ आणि ८ पाच-पाच वेळा, पण २ आणि १२ एकेकदाच. लेखकानं १२ वर ड्रॅगन ठेवला तो ३६ मध्ये एकदा यावा म्हणून. तुम्ही डी१२ टाकता तेव्हा तो १२ मध्ये एकदा येतो, तिप्पट. आणि १ पडला की काय करता, हाही प्रश्नच आहे.

स्वतः टेबल बनवणार असाल तर डी१२ आणि डी८ ची बेरीज करून बघा. २ ते २० अशा १९ जागा मिळतात, ९ ते १३ या पाचही आकड्यांना सारखीच, ९६ पैकी ८ संधी असते, आणि टोकाला ९६ पैकी १. मधल्या पाच जागांवर त्या जंगलाचं रोजचं जीवन ठेवा : लाकूडतोडे, हरणांचा कळप, पाऊस, जुनी पावलं. टोकांना ज्याच्याबद्दल गावात नुसती कुजबुज आहे ते ठेवा. जंगल खरं वाटायला लागतं ते या मधल्या पाच जागांमुळे.

प्रश्न : प्रदेशाची तीनशे पानांची पुरवणी आणली. वाचून संपत नाही आणि खेळाडूंना त्यातलं काहीच आठवत नाही.

उत्तर : वाचून संपवू नका. एक शहर निवडा, फक्त त्याचं प्रकरण वाचा आणि एका कागदावर एवढंच उतरवा : तीन जागा, एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन गट, पाच नावं, आणि या आठवड्यात बिघडणार आहे अशी एक गोष्ट. खेळाडूंना प्रत्येकी एकच वाक्य द्या, तेही त्यांच्या कॅरॅक्टरला ठाऊक असेल असं. फायटरला ‘नदीकाठच्या पहाऱ्याला दोन महिने पगार नाही’ हे माहीत असलं की तो पहाऱ्याशी बोलायला जातो. राजघराण्याची वंशावळ सांगितली तर कुणीच कुठे जात नाही.

पुस्तकातल्या इतिहासाशी तुमचा खेळ जुळेनासा झाला तर खेळाची बाजू घ्या आणि जे बदललं ते त्याच कागदावर तारखेसह लिहा. तिथून पुढे तो कागद खरा.

प्रश्न : पीडीएफमधला लढाईचा नकाशा छापला, पण पात्रांच्या छोट्या मूर्ती (मिनिएचर) चौकोनात बसत नाहीत.

उत्तर : छापताना ‘फिट टू पेज’ लागलेलं आहे. बऱ्याच पीडीएफ लेटर आकाराच्या असतात, २१६ बाय २७९ मिलिमीटर. तुमचा कागद ए४, २१० बाय २९७. प्रिंटर समास धरून चित्र आक्रसतो. ९५ टक्के झालं तरी २५.४ मिलिमीटरचा चौकोन २४.१ चा होतो आणि दहा चौकोनांमागे १३ मिलिमीटर तूट येते. ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा, आधी एकच पान काढा आणि दहा चौकोन पट्टीनं मोजा : २५४ मिलिमीटर भरले पाहिजेत. ए४ वर आरामात ७ बाय १० चौकोन बसतात. मोठा नकाशा ‘पोस्टर’ पर्यायानं तुकड्यांत छापा आणि जोडासाठी १० मिलिमीटर जागा ठेवा. पुस्तिका काढताना पानं चारच्या पटीत हवीत. ए४ चं ए५ केलं की ९ पॉइंटचा मजकूर साडेसहाच्याही खाली जातो, तेव्हा टेबलं तरी वेगळी पूर्ण आकारात छापा.

प्रश्न : पुरवण्या पहिल्यांदा कधी आल्या?

उत्तर : डीअँडडी १९७४ चं, आणि लगेच १९७५ मध्ये ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी आली. तोवर सगळी हत्यारं १डी६ च मारायची, सुरा असो की दोन हातांची तलवार. हत्याराप्रमाणे वेगळा मार, चोर आणि पॅलाडिन हे क्लास ग्रेहॉकनं आणले. त्याच वर्षी ‘ब्लॅकमूर’मध्ये मंक आणि ॲसॅसिन, १९७६ च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’मध्ये ड्रुइड. आज ज्याला आपण मूळ खेळ म्हणतो त्याचा मोठा भाग पुरवणीतूनच आत आला आहे.

प्रश्न : आमच्या गटानं एक क्लास, बारा मंत्र आणि वीस राक्षस लिहिले आहेत. पुरवणी म्हणून प्रसिद्ध करायचं आहे. काय सांभाळायचं?

उत्तर : आधी परवाना. पाचव्या आवृत्तीचा एसआरडी ५.१ हा नियमसंच जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० परवान्याखाली खुला आहे. त्यावर बांधलेलं तुम्ही विकूही शकता. श्रेयाचं जे वाक्य त्या दस्तऐवजात दिलं आहे ते जसंच्या तसं छापा आणि पुस्तकावर ‘पाचव्या आवृत्तीशी सुसंगत’ असं म्हणा. खेळाचं बोधचिन्ह वापरू नका. एसआरडी म्हणजे संपूर्ण प्लेअर्स हँडबुक नव्हे. त्यात प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे, फीट एकच आहे, आणि बिहोल्डर, माइंड फ्लेअर यांचे आकडे नाहीत. तुमच्या वीस राक्षसांपैकी एखादा माइंड फ्लेअरचा गुलाम असेल तर मालक बदला.

मग चाचणी. हस्तलिखित अशा डीएमला द्या ज्याला तुम्ही त्याबद्दल एक शब्दही सांगितलेला नाही, आणि तो खेळ चालवत असताना गप्प बसा. तो जिथे पान मागे उलटतो, तिथे समासात खूण करा. दोनदा खूण पडलेला परिच्छेद पुन्हा लिहा. प्रत्येक मंत्रात पाच गोष्टी शोधा : ॲक्शन कुठली लागते, अंतर किती, किती वेळ टिकतो, कॉन्सन्ट्रेशन लागतं का, आणि तोच मंत्र दोघांनी टाकला तर काय होतं. शेवटची हमखास राहून जाते.

नव्या क्लासचा मार तिसऱ्या, पाचव्या, अकराव्या आणि सतराव्या लेव्हलला मूळ फायटरशी ताडा, चार फेऱ्यांच्या लढाईत, आणि एका विश्रांतीत किती लढाया होतात तेही लिहून. दिवसाला एकच लढाई धरून मोजलं तर जो क्लास सगळं एका दमात उधळतो तो सगळ्यात बलवान दिसतो, आणि तुम्ही उगाच त्याचे पंख छाटता. वीस राक्षसांपैकी आठ काढून टाकावे लागतील याची तयारी ठेवा. उरलेल्या बारांना प्रत्येकी एक असं वागणं द्या की जे आकड्यांत नाही : हा जखमी झाला की पळतो, हा आवाजाकडे जातो, हा मेलेल्यांना हात लावत नाही. डीएम पहिल्यांदा ती ओळ वाचेल, म्हणून ती आकड्यांच्या वर छापा.